उचंत खाते नसलेली वही

जुन्या पेढीवर दिवस मावळला की रोजमेळ मिटवण्याची वेळ येई. मुनीमजी आवक-जावकेची बेरीज करीत, गल्ल्यातील रोकड मोजीत आणि वहीतील शिल्लक हातातील शिलकेशी ताडून पाहत. बहुतेक दिवशी मेळ बसे. एखाद्या दिवशी मात्र दीडशे-दोनशे रुपयांची तफावत राही. नोंद राहून गेली असेल, दुबार पडली असेल किंवा पैसा खरोखरच कमी आला असेल. यांपैकी काय घडले हे त्याच रात्री ठरवता येईल असे नसे. म्हणून मुनीमजी ती रक्कम उचंत खात्याला टाकून वही मिटवीत. दुसऱ्या दिवशी शांतपणे पावत्या चाळल्या जात, चूक सापडे आणि उचंत खाते पुसले जाई.

हिशेबाच्या दृष्टीने हे खाते लहानसे असले, तरी त्यामागील विचार मोठा आहे. कारण सापडण्यापूर्वी कोणालाही दोषी ठरवायचे नाही आणि शोध पूर्ण होईपर्यंत रक्कम विसरायचीही नाही, अशी दुहेरी शिस्त त्यात आहे. ही शिस्त इतकी अंगवळणी पडलेली असते की, ‘तुमच्या हिशेबात काय काय लागते?’ असे विचारल्यास कोणताही मुनीम उचंत खात्याचे नाव पहिल्या दहा गोष्टींत घेणार नाही.

वहीची जागा संगणक घेतो तेव्हा धोका असतो तो याच ठिकाणी. प्रणाली तयार करणारा अभियंता त्याला जे सांगितले जाते तेच बांधतो. न सांगितलेली गरज प्रणालीत उतरत नाही. म्हणून आज्ञावलीची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी ही प्रणाली कोण वापरणार, तिच्यामुळे कोणाचे हित-अहित होणार आणि त्या प्रत्येकाला नेमके काय हवे, हे शोधून काढणे हा स्वतंत्र आणि जोखमीचा टप्पा मानला जातो. हा टप्पा नीट न हाताळल्यास काय ओढवते, याचे विदारक उदाहरण ब्रिटनमध्ये घडले आहे. ते मुख्यतः दुकानदारांच्या बाबतीत घडले, आणि त्यांत भारतीय वंशाची कितीतरी कुटुंबे होती. म्हणून व्यापारी समाजाने ते बारकाईने जाणून घ्यावे.

दुकानातील टपाल कचेरी

ब्रिटनमध्ये बहुसंख्य टपाल कचेऱ्या सरकारी इमारतीत नसून दुकानांत असतात. किराणा, वर्तमानपत्रे, मिठाई विकणाऱ्या दुकानाच्या एका कोपऱ्यात टपालाची खिडकी असते आणि दुकानदारच ती चालवतो. त्याला उपपोस्टमास्तर म्हणतात. तो नोकर नसतो, तर करार करून स्वतःचे भांडवल गुंतवणारा व्यावसायिक असतो. भारतातून थेट, किंवा पूर्व आफ्रिकेमार्गे, तेथे गेलेल्या गुजराती व अन्य भाषक कुटुंबांनी अशी अनेक दुकाने घेतली. पती-पत्नीने मिळून दुकान सांभाळायचे, वरच्या मजल्यावर राहायचे, मुलांना शिकवायचे, असा हा परिचित जीवनक्रम होता.

1999 पासून या खिडक्यांवर ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवण्यात आली. तिचा जन्म वेगळ्याच हेतूने झाला होता. 1996 मध्ये झालेल्या कराराचा मुख्य उद्देश निवृत्तिवेतन आणि सामाजिक साहाय्याच्या रकमा चुंबकीय पट्टीच्या कार्डावर देता याव्यात हा होता. समाजकल्याण खाते आणि पोस्ट ऑफिस हे तिचे दोन मोठे ग्राहक होते. 1999 मध्ये कार्डाची योजना रद्द झाली आणि ते खाते बाहेर पडले. उरलेल्या सांगाड्यावर टपाल खिडक्यांच्या हिशेबाची प्रणाली उभी करण्यात आली. प्रणाली बांधणारी आयसीएल ही कंपनी फुजित्सू समूहाची होती.

ज्याच्यासाठी घर बांधायला घेतले तो निघून गेला आणि दुसरा राहायला आला, तर नकाशा पुन्हा तपासावा लागतो. येथे आणखी एक तिसरा होता. पैसे देणारे पोस्ट ऑफिस आणि बांधणारी कंपनी हे दोघे करारावर होते. रोज त्या पडद्यासमोर बसणारा आणि हिशेबात तूट आल्यास स्वतःच्या खिशातून भरणारा उपपोस्टमास्तर मात्र त्या करारात पक्ष नव्हता.

वेल्सच्या किनाऱ्यावरील लँडुडनो या गावाजवळ ॲलन बेट्स यांची अशी एक कचेरी होती. होरायझन आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या हिशेबात सुमारे 6 हजार पौंडांची तूट दिसू लागली. दुकानांतील विक्रीयंत्रांशी बेट्स यांचा आधीपासून परिचय होता. तूट कोठून आली हे शोधण्यासाठी पुरेसे तपशील ही प्रणाली देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ज्या रकमेचे कारण तपासता येत नाही ती भरण्यास त्यांनी नकार दिला. 2003 मध्ये त्यांचा करार संपुष्टात आणण्यात आला आणि गुंतवलेले भांडवलही गेले.

नकाराला जागा नव्हती

2005 मध्ये या प्रणालीत एक बदल झाला. तोपर्यंत शाखेच्या पातळीवर वादग्रस्त रक्कम काही काळ बाजूला ठेवता येत असे. ते त्या शाखेचे उचंत खातेच होते. ही सोय काढून टाकण्यात आली आणि हिशेब साप्ताहिकाऐवजी मासिक झाला. महिन्याच्या शेवटी पडद्यावर तूट दिसली की उपपोस्टमास्तरासमोर मोजकेच पर्याय उरत. एक तर रक्कम तेथेच भरायची, नाहीतर ती ‘केंद्राकडे वळती’ करायची, म्हणजे पुढे आपल्याकडून वसूल होईल असे मान्य करायचे. ‘ही तूट मला मान्य नाही’ असे म्हणण्याची सोय पडद्यावर नव्हती. हिशेब मिटवल्याशिवाय पुढच्या काळाचा व्यवहार सुरू करता येत नसे.

दक्षिण इंग्लंडमधील साउथ वॉर्नबरो या गावच्या जो हॅमिल्टन यांच्या पडद्यावर सुमारे 2 हजार पौंडांची तूट दिसत होती. साहाय्य केंद्राने सांगितल्याप्रमाणे त्यांनी कळा दाबल्या आणि तूट डोळ्यांदेखत दुप्पट झाली. पुढे ती 36 हजार पौंडांवर गेली. चोरीचा आरोप टाळण्यासाठी त्यांनी खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला. अशाच प्रकारे अनेकांनी दुकान उघडे ठेवण्यासाठी, ‘पुढच्या महिन्यात मेळ बसेल’ या आशेवर शिल्लक बरोबर असल्याचे दाखवले, आणि तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला. साहाय्य केंद्राकडे दूरध्वनी केल्यावर ‘अशी अडचण फक्त तुमचीच आहे’ असे सांगितले गेल्याचे कितीतरी जणांनी पुढे साक्षीत नमूद केले.

सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथील भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांच्यावर 74 हजार पौंडांच्या चोरीचा आरोप ठेवण्यात आला. नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांना 15 महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या आणि शिक्षा सुनावली गेली तो त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

न्यायालयेही फसली, याला कारण होते. संगणक नीट चालत असल्याचा पुरावा देण्याचे बंधन घालणारे जुने कलम इंग्लंडमध्ये रद्द झाले होते. यंत्र बरोबर चालत होते असे गृहीत धरले जाई आणि ते चुकले हे दाखवण्याचा भार आरोपीवर येई. ज्याच्याकडे तपशील नाही, त्याने यंत्राची चूक दाखवायची तरी कशी?

1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. घरे विकली गेली, काहींचे दिवाळे निघाले, गावात तोंड दाखवणे अवघड झाले. 2025 च्या जुलैमध्ये चौकशी आयोगाचे अध्यक्ष सर विन विल्यम्स यांनी अहवालाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. या प्रकरणामुळे किमान 13 जणांनी आपले जीवन संपवले असावे, असे त्यात नमूद आहे.

बेट्स थांबले नाहीत. 2009 मध्ये त्यांनी पीडितांना एकत्र केले. पुढे 555 जणांनी मिळून दावा लढवला. डिसेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते आणि त्यांमुळे शाखांच्या हिशेबांत खोट्या तुटी दिसू शकत होत्या, असा निर्णय दिला. कंपनीचे कर्मचारी दुरून शाखेच्या हिशेबात बदल करू शकत होते आणि तो बदल उपपोस्टमास्तराला कळेलच असे नव्हते, हेही उघड झाले. एप्रिल 2021 मध्ये अपील न्यायालयाने सीमा मिश्रा आणि जो हॅमिल्टन यांच्यासह 39 जणांच्या शिक्षा रद्द केल्या. 2024 मध्ये संसदेने विशेष कायदा करून उर्वरित बहुतांश शिक्षाही रद्द केल्या.

कोणाला विचारावे?

होरायझनमध्ये आज्ञावलीचे दोष होते, यात शंका नाही. परंतु दोष प्रत्येक प्रणालीत निघतात. अनर्थ घडला तो यामुळे की, यंत्र चुकल्यास काय करायचे या प्रश्नाला प्रणालीत आणि करारात उत्तर नव्हते. हा प्रश्न सर्वांत आधी सुचला असता तो तुटीचा भार वाहणाऱ्याला.

कोणत्याही संगणक प्रणालीचे हितसंबंधी तीन प्रकारचे असतात. पहिला पैसे देणारा, दुसरा रोज वापरणारा आणि तिसरा ती प्रणाली कधी न वापरताही तिच्यातून निघणाऱ्या आकड्याने ज्याचे बरे-वाईट होते तो. पहिल्याचे म्हणणे आपोआप ऐकले जाते. दुसऱ्याला विचारावे लागते. तिसऱ्याला तर शोधावेच लागते.

प्रतिनिधीला विचारले म्हणजे सर्वांना विचारले, असेही समजू नये. उपपोस्टमास्तरांची संघटना अस्तित्वात होती, पण ती दीर्घकाळ पोस्ट ऑफिसच्याच बाजूने बोलत राहिली. ती पोस्ट ऑफिसपासून स्वतंत्र नसल्याचे न्यायालयानेही नोंदवले.

भारतीय बँकांतील संगणकीकरण याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. 1983 मध्ये बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराबाबत करार झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 मध्ये आणि पुन्हा 1989 मध्ये अहवाल दिले. त्या काळी हा वेग फार मंद असल्याची टीका होई. परंतु खातेवही यंत्रावर आली तरी हाताने लिहिलेली वही लगेच बंद केली जात नसे. काही काळ दोन्ही चालत, दोहोंचा मेळ घेतला जाई आणि तो बसल्यावरच जुनी वही मिटवली जाई. कर्मचाऱ्याला हे दुहेरी श्रम वाटत, पण तफावत निघाली तर ती यंत्राची की माणसाची हे त्यामुळे तपासता येत असे.

व्यापाऱ्यांच्या रोजच्या अनुभवातील उदाहरण वस्तू व सेवा कराचे आहे. पुरवठादाराने भरलेले बीजक खरेदीदाराच्या खात्यात दिसते, पण ते चुकीचे असेल तर? ऑक्टोबर 2024 पासून कराच्या संकेतस्थळावर अशा बीजकांपुढे स्वीकृत, अस्वीकृत आणि प्रलंबित असे पर्याय आले. यांतील ‘प्रलंबित’ म्हणजे उचंत खात्याचेच नवे रूप होय. मात्र काहीच न केल्यास बीजक स्वीकृत मानले जाते, हे ध्यानात ठेवावे. जागा आहे, पण तिचा वापर वेळेत करायचा असतो.

आपल्या पेढीवर

आता हाच विचार घरच्या व्यवसायाला लावून पाहू. समजा, एखाद्या आडत पेढीने संगणक प्रणाली घ्यायचे ठरवले. बहुधा परदेशी शिकून आलेला किंवा पुण्या-मुंबईत नोकरी करणारा मुलगा पुढाकार घेतो. विक्रेता येतो, शेठजींसमोर दाखवणी होते, रंगीत तक्ते पाहून शेठजी प्रसन्न होतात आणि व्यवहार ठरतो. या बैठकीत मुनीमजी नसतात, तोलणारा नसतो, गोदाम सांभाळणारा नसतो. ज्याच्या मालाची पट्टी या यंत्रातून निघणार तो शेतकरी तर कोणाच्या मनातही येत नाही.

शेठजींना हवी असते एकूण उधारीची यादी. मुनीमजींना हवे असते एखाद्याने तीन जुन्या बिलांपोटी दिलेली ठोक रक्कम कोणत्या बिलाला किती लावावी याचे स्वातंत्र्य. गोदामवाल्याला कट्टे मोजायचे असतात, तर बिल क्विंटलवर निघते, आणि फाटलेला कट्टा दोन्हींत बसत नाही. कर सल्लागाराला विवरणपत्रापुरते आकडे वेळेवर हवे असतात. शेतकऱ्याला आपल्या पट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई आणि प्रत्येक कपात वेगवेगळी, आपल्याला वाचता येईल अशा मराठीत हवी असते. नुसता अंतिम आकडा छापून देणारे यंत्र शेठजींच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने ती तपास न करता येणारी तूटच आहे.

म्हणून विचारण्याचीही एक रीत असते. ‘तुम्हाला काय हवे?’ या प्रश्नाला माणूस बहुधा जे माहीत आहे तेच सांगतो. त्यापेक्षा प्रणाली बांधणाऱ्याने एक पूर्ण दिवस मुनीमजींशेजारी बसावे. नेहमीचा व्यवहार सर्वांनाच सांगता येतो. त्याने अपवादांची चौकशी करावी. परत आलेला माल कोठे लिहिता? वीज गेली तर बिल कसे देता? सणाच्या आदल्या दिवशी रांग लागली असता कोणती नोंद उद्यावर ढकलता? वहीच्या समासात पेन्सिलीने काय लिहून ठेवता? समासातील त्या खुणा बहुधा न सांगितलेल्या गरजाच असतात.

मागणी आणि गरज यांतील भेदही ओळखावा. शेठजी रोज संध्याकाळी चाळीस पानी उधारीचा अहवाल मागतात. त्यांची खरी गरज, उद्या कोणाला माल द्यायचा आणि कोणाला थांबवायचे, एवढीच असू शकते. ती दहा नावांच्या यादीने भागते. गरज लिहितानाही ती पडताळता येईल अशी लिहावी. ‘बिल झटपट निघावे’ हे वाक्य करारात निरुपयोगी आहे. ‘गर्दीच्या वेळी दहा वस्तूंचे बिल एका मिनिटात निघावे’ असे लिहिले, तर पैसे चुकते करण्यापूर्वी ते तपासता येते.

दोघांच्या गरजा एकमेकींविरुद्ध गेल्या तर निवाडा कोणी करायचा, हेही आधीच ठरवावे. चोरी टाळण्यासाठी मालकाला वाटते की एकदा झालेली नोंद कोणालाही बदलता येऊ नये. चूक सुधारण्यासाठी मुनीमजींना ती बदलता यायला हवी असते. मूळ नोंद तशीच राखून तिच्याखाली दुरुस्तीची स्वतंत्र नोंद घालावी आणि ती कोणी, केव्हा व का केली हे सर्वांना दिसावे. हा मार्ग नवा नाही. खोडाखोड न करता उलट नोंद घालण्याची पद्धत चोपड्यांत पूर्वीपासून आहे.

शेवटी एक प्रश्न प्रत्येक पेढीने विक्रेत्याला विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. यंत्राने दाखवलेला आकडा कर्मचाऱ्याला मान्य नसेल, तर तो ते कोठे नोंदवील आणि त्याचा निकाल लागेपर्यंत ती रक्कम कोणाच्या नावावर राहील? या प्रश्नाला उत्तर नसलेली प्रणाली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

दृष्टी आणि दक्षता

जैन परंपरेला हा विचार परका नाही. अनेकांतवाद सांगतो की वस्तूला अनंत धर्म असतात आणि एका दृष्टीने दिसलेले सत्य तेवढ्याच अपेक्षेने खरे असते. हत्ती आणि आंधळ्यांची कथा पाठशाळेतील लहान मूलही सांगते. मालकाच्या गादीवरून दिसणारी पेढी, मुनीमाच्या डेस्कवरून दिसणारी आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून दिसणारी पेढी एकच असली, तरी तिघांना तिचे वेगवेगळे अंग हाती लागते. तिघांचे ऐकल्याशिवाय काढलेला आराखडा हा सोंडेलाच हत्ती मानून काढलेला आराखडा होय.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, सांगितली आहे, आणि अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत मोजमापे कमी-अधिक ठेवणे. पूर्वी श्रावक आपल्या तराजूची आणि चोपडीची शुद्धता स्वतः राखत असे. आज तराजूही संगणकाला जोडलेला आहे आणि चोपडीही त्यातच आहे. ‘यंत्राने लिहिले, मी नव्हे’ असे म्हणून श्रावकाला सुटता येईल काय? हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, अशी शिकवण आहे. होरायझन प्रकरणात निरपराध माणसे तुरुंगात गेली, त्यामागे पहिल्या दिवशी कोणाचे वैर नव्हते. प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि तो विचारणाऱ्यांचे पुढे वर्षानुवर्षे ऐकले गेले नाही.

दिवाळीत अनेक पेढ्यांवर आज चोपडीबरोबर संगणकाचेही पूजन होते. त्या मुहूर्तावर मालकाने मुनीमजींना, गल्ल्यावरील मुलाला आणि एखाद्या जुन्या शेतकऱ्याला शेजारी बसवून एवढेच विचारावे, ‘हे यंत्र तुमच्याविरुद्ध चुकले, तर तुम्ही मला कसे सांगाल?’ त्यांचे उत्तर ऐकून घेऊन, नव्या वर्षाच्या पहिल्या नोंदीआधी त्या यंत्रात एक उचंत खाते उघडून द्यावे.